खिळ्यावरचा ग्लास

सुया फुकट वाटतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. गर्दुल्ल्यांना सुया! म्हणजे दारुड्याच्या हातात धुतलेला पेला द्यायचा आणि म्हणायचं, घ्या, आता निवांत प्या. आणि हे थोर काम करणार कोण, तर माझा सख्खा धाकटा भाऊ, जो स्वतः त्याच सुयांपायी घराबाहेर पडला होता. मी आईला म्हटलं, "तुझ्या लेकाला काम मिळालंय. काय काम ते आधी ऐकून घे आणि मग पेढे वाट." आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "तुझा क्लास तिकडंच आहे ना? जाता जाता दे त्याला."

माझा क्लास म्हणजे शहरात, पेठेतला कॉम्प्युटरचा क्लास. दिवसच तसे होते. विश्रांतवाडीत घरटी एक तरी पोर कुठला ना कुठला कोर्स करत होतं. आळंदी रस्त्यावर चौकाचौकांत क्लासच्या पाट्या, आणि त्याच चौकांत सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहणारी, डबा काखोटीला मारलेली माणसं मात्र कमी कमी होत चाललेली. पिंपरी-चिंचवडचे जुने कारखाने माणसं घरी पाठवत होते आणि काचेच्या नव्या इमारती माणसं आत घेत होत्या. आमच्या एकाच घरात दोन्ही झालं. भाऊ बाहेर पडला आणि मी आत जायच्या रांगेत उभी राहिले.

भाऊ स्कूटरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होता. नवी यंत्रं आली, जुनी माणसं नकोशी झाली, आणि एक दिवस स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे आला. स्वेच्छा कुणाची, ते विचारायचं नाही. त्याच्याबरोबर त्याच खात्यातला त्याचा मित्रही घरी बसला. हा मित्र पेठेतला. घरी कडक सोवळंओवळं, आणि हा आमच्या भावाच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी बोटं चाटत खाणारा. तोंडानं महा तिखट. बोलायचा मात्र अगदी मऊ, अहो-जाहो करत. त्यानं कापलेलं लगेच कळायचं नाही, घरी गेल्यावर कळायचं. दोघं आधी दारूत गेले, मग पुडीत, मग मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या दुखण्यावरच्या इंजेक्शनात. घसरले तेही बरोबरीनं. त्यांची दोस्ती बघून मला हेवाही वाटायचा आणि कपाळावर हात मारून घ्यावासाही वाटायचा.

आमचे वडील, अण्णा, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. पौर्णिमेला पांढरा सदरा घालून विहारात जाणारे. पंचशीलातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, ते त्यांनी जन्मभर पाळलं आणि पोरानं नेमकं तेच मोडलं. ते भावाला एवढंच म्हणाले, "शुद्धीवर असशील तेव्हा ये. तोवर या घरात तुझं ताट नाही." आरडाओरडा नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून आई गुपचूप डबा भरायची, मी गुपचूप न्यायचे आणि अण्णा गुपचूप पेपर वाचायचे. तिघांनाही सगळं ठाऊक होतं.

घरात आणखी एक कायदा होता, तो या सगळ्याच्या कितीतरी आधीचा. कुणाचं उष्टं खायचं नाही. अण्णांचे वडील गावात लोकांच्या दाराशी उभे राहायचे आणि पाटीत पडेल ते घरी आणायचे. कुणाची शिळी भाकर, कुणाच्या ताटात उरलेलं कालवण. गावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला दोरीनं एक कान तुटलेला कप टांगलेला असायचा, आमच्या लोकांसाठी. तो आपला आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झालं की धुऊन परत खिळ्याला. अण्णा लहान असताना घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आजोबांनी ती पाटी चुलीत घातली. "तवापासून या घरात कुणाचं उष्टं आलं नाही, आणि कुणासाठी कप वेगळा टांगला नाही," असं अण्णा सांगायचे. हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांचं वाक्य मी आधीच मनात पुरं करायचे. आम्ही भावंडं एकमेकांनी चावलेला पेरूही खात नसू. शाळेत माझ्या मैत्रिणी एका बर्फाच्या गोळ्यावर तुटून पडायच्या आणि मी आपली बाजूला कोरडी उभी.

असो. डबा घेऊन मी पहिल्यांदा त्या सुया वाटणाऱ्या केंद्रावर गेले. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या मागच्या बोळात. पुढे रेडिओ, वायरी, रिमोटचे ढीग. मागे तळमजल्यावरची एक खोली. आत एक टेबल, नव्या सिरिंजांचे खोके, आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लॅस्टिकचा डबा, वर नुसतं भोक ठेवलेलं, म्हणजे आत गेलेली सुई पुन्हा बाहेर निघायला नको. जुनी आणून द्यायची, नवी न्यायची, बस. भिंतीवर ठसठशीत अक्षरात पाटी: "वापरलेली सुई आणून देणे, नवी नेणे. पुण्य लागत नाही. रोगही लागत नाही." अक्षर आणि मजकूर दोन्ही त्या पेठेतल्या मित्राचे. तो खाली सतरंजीवर बसला होता. हाडांचा सापळा, पण मला बघून उठला. "या ताईसाहेब. काय घेणार? मोठी देऊ की लहान?" मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

केंद्र चालवणाऱ्या बाई सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी त्यांनाच धरलं. "अहो, तुम्ही यांना नशा करायला मदत करताय, कळतंय का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "आज ते टोचणारच आहेत. मी नाही म्हटलं म्हणून थांबणार नाहीत. सोडायचं की नाही ते उद्या बघू. पण उद्या बघायला माणूस उरला पाहिजे ना?"

मी फणकाऱ्यानं डबा ठेवला आणि निघाले. पण दारात एक माणूस आडवा आला. केसांच्या जटा, अंगाला वास, पायांत दोन वेगळ्या चपला. त्यानं खिशातून साबणाची जुनी डबी काढली. डबीत वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदात हळदीकुंकवाच्या पुडीसारखी नीट गुंडाळलेली सुई. टोकाला टोपण लावलेलं. म्हणाला, "मॅडम, ही नदीपात्रात पडली होती. माझी नाही. पोरं खेळतात तिथं, म्हणून आणली." मी तशीच उभी राहिले. ज्याला स्वतःच्या चपलांचा जोड लागत नव्हता, त्यानं कुठल्या कोण पोरांच्या पायांची काळजी साबणाच्या डबीत घालून आणली होती. क्लासला उशीर झाला. तिथं गेल्यावरही समोरच्या पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

मग मी रोजच जायला लागले. डब्याचं निमित्त होतंच.

थोड्याच दिवसांत केंद्रावर सगळ्यांच्या रक्ताची तपासणी झाली. भावाला काही निघालं नाही. मित्राला एचआयव्ही निघाला. त्या दिवशी भाऊ केंद्राच्या पायरीवर बसून होता, डबा न उघडता. मी शेजारी बसले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याचा चेहरा बघून तो गिळला.

"ताई, आम्ही दोघांत एकच सुई वापरायचो," तो म्हणाला.

"मग तू कसा वाचलास?"

"मी पहिला घ्यायचो. नवी सुई आणली की आधी मी, मग तो. कधी मेडिकलवाला सुई द्यायचा नाही. तेव्हा तो जायचा दुसऱ्यांकडे, त्यांची वापरलेली घ्यायला. मी नाही गेलो कधी. पडून राहायचो. ओकायचो, हाडं फुटायची, आईच्या नावानं रडायचो. पण दुसऱ्याची नाही घेतली."

"पण का? तुला रोगाचं ठाऊक होतं?"

"छे गं. उष्टी असते ना ती."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आई गं! नशेसाठी ज्यानं घर सोडलं, नोकरी गेल्यावर अब्रूही घालवली, अण्णांच्या डोळ्याला डोळा द्यायची ताकद घालवली, त्याच्या आत हा एक कायदा शाबूत होता. आजोबांनी चुलीत घातलेल्या पाटीनं माझ्या भावाला नदीपात्रात, शुद्ध हरपलेली असताना, वाचवलं होतं. मी काही देवभोळी बाई नाही. पण तेव्हा अंगावर काटा आला.

"आणि तो?" मी विचारलं.

"तो म्हणायचा, भावाभावात कसलं आलंय उष्टं! माझी झाली की हसत घ्यायचा. मॅडम म्हणतात, माझ्यामुळं नाही लागण झाली त्याला, दुसऱ्यांच्या सुईनं झाली. असेल. पण दुसऱ्याची घ्यायची सवय त्याला माझ्यापाशीच लागली ना?" एवढं बोलून त्यानं डबा उघडला, आणि उठून आत त्याला अर्धी चपाती देऊन आला. स्वतः जेवायला सुरुवात करायच्या आधी वेगळी काढलेली.

त्यानंतर भाऊ कामाला लागला तो झपाटल्यासारखा. पुलाखाली, नदीपात्रात, स्टेशनच्या मागे, जिथं जिथं पोरं टोचत बसायची तिथं तो नव्या सुया घेऊन जायचा. छापील पत्रकं वाटून कुणी ऐकत नव्हतं. एचआयव्ही म्हटलं की ती पोरं म्हणायची, तो मुंबईला असतो. भावानं पत्रकं ठेवून दिली आणि एकच वाक्य धरलं: "उष्टी सुई घ्यायची नाही रे." बास. हे मात्र कळलं. आईनं लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेली गोष्ट ती. कुठल्याही जातीचा असो, कुठल्याही गावाहून आलेला असो, उष्टं म्हटलं की हात मागे यायचा. नशेत डोळे उघडत नव्हते अशा माणसानं "उष्टी आहे काय?" असं विचारून सुई परत केलेली मी या डोळ्यांनी बघितली. मॅडमसुद्धा चाट पडल्या. भावाचं स्वतःचं टोचणं हळूहळू सुटत गेलं. सुटलं असं मात्र तो कधी म्हणायचा नाही. "आज नाही टोचलं," एवढंच.

मित्राची गोष्ट सोपी नव्हती. पेठेतल्या घरानं त्याला केव्हाच बाहेर काढलं होतं. तो दिवसभर केंद्राच्या खोलीतच पडून असायचा, रात्री बाहेरच्या पायरीवर. सरकारी दवाखान्यात या रोगावरच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या होत्या. पण त्या रोज घ्याव्या लागायच्या, न चुकता, आणि आणायला ठरल्या दिवशी जावं लागायचं. मॅडमनी भावाला बजावून सांगितलं होतं: तो इथं येत राहिला, गोळ्या घेत राहिला, तर जगेल. इथून सुटला तर परत पुलाखाली जाईल, परत कुणाचीही सुई घेईल, आणि मग संपलं. म्हणून भाऊ त्याला दर वेळी हाताला धरून दवाखान्यात न्यायचा. तोही जायचा, कुरकुरत. "चला, सरकार आपल्याला जगवायचं म्हणतंय. अजून काही दिवस टॅक्स चुकवता येईल."

मधल्या काळात मला नोकरी लागली. काचेच्या इमारतीत, गळ्यात फोटोचं कार्ड, थंडगार हवा. केंद्रावर जाणं शनिवारपुरतं उरलं. अशाच एका शनिवारी दुपारी मी बोळात शिरले आणि केंद्राच्या दाराबाहेर, चौकटीच्या वर, एक खिळा दिसला. खिळ्याला दोरीनं स्टीलचा ग्लास टांगलेला. ग्लासाच्या बुडाला नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका.

आत एक जण सिरिंजांचे खोके लावत बसला होता. मी विचारलं, "हा कुणाचा ग्लास?"

"तो होय? पेठेतल्या भाऊंचा," तो अगदी सहज म्हणाला. "त्यांना ते आहे ना. मग बाकीच्यांच्या ग्लासात नको. तुमचे भाऊच म्हणतात की ताई, उष्टं घ्यायचं नाही."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं हो. धडा नीट पाठ केल्याचं समाधान होतं. सुईसाठी शिकवलेलं त्यानं ग्लासाला लावलं, ग्लासावरून माणसाला लावलं, आणि सगळ्या खोलीनं मान डोलावली. "आणि ते कुठायत?" मी विचारलं.

"आले नाहीत बरेच दिवस. गेले वाटतं पुलाखाली."

भाऊ त्या दिवसांत स्टेशनच्या बाजूला काम करत होता, सकाळी सुया घेऊन निघायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. मित्र सांगायचा, दवाखान्यात मी आता माझा मी जातो, तू तुझं काम कर. ते यानं खरं मानलं होतं. मी रिक्षा केली आणि स्टेशनवर जाऊन त्याला गाठलं. खिळ्याचं सांगितलं. आम्ही केंद्रावर आलो. दारात तो त्या ग्लासाकडे मान वर करून बघत उभा राहिला. आम्ही दोघांनी तसला खिळा आयुष्यात कधी बघितलेला नव्हता, आणि दोघांनीही तो ओळखला. अण्णांनी इतक्यांदा सांगितला होता. फक्त तो कान तुटलेला कप होता आणि हा स्टीलचा ग्लास, एवढाच फरक.

"ताई, हे मी केलं," तो म्हणाला. मग वळला आणि पुलाकडं चालायला लागला.

तो मित्राला घेऊन आला तेव्हा चहाची वेळ झाली होती. टपरीवरून किटली आलेली, सगळे सतरंजीवर गोल करून बसलेले. मित्र आणखी वाळला होता, तोंड आलेलं, ओठांच्या कडा फुटलेल्या. दारात तो थांबला, खिळ्यावरचा ग्लास स्वतःच्या हातानं काढला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "मानाचा आहे हो. आमच्या घरी देवाचं तांब्याभांडं असं वेगळं असायचं. माझी आजवर कुणी एवढी पूजा केली नव्हती." कुणी हसलं नाही. तो उंबऱ्याजवळ, सगळ्यांपासून जरा लांब बसला आणि ग्लास पुढे धरला. किटलीवाल्यानं वरून चहा ओतला. हो, वरून. मी बघत होते.

त्याच्यानं अर्धाच प्यायला गेला. तोंड पोळत असावं. उरलेला ग्लास घेऊन तो धुवायला उठायला लागला, तेवढ्यात भावानं तो त्याच्या हातातून घेतला.

"अरे, उष्टा आहे तो," मित्र म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात गंमत नव्हती.

"माहितीये."

ज्यानं बहिणीनं चावलेला पेरू कधी खाल्ला नाही, ज्यानं हाडं फुटत असताना दुसऱ्याची सुई घेतली नाही, त्या माझ्या भावानं तो चहा तळापर्यंत प्यायला. घाई न करता. मध्ये थांबून एक श्वास घेतला आणि पुन्हा प्यायला. त्या प्यायल्यानं काही होत नाही हे मॅडमनी शंभरदा समजावलेलं होतं, मला पक्कं ठाऊक होतं. भीती रोगाची नव्हतीच. आमच्या घरातली सर्वांत जुनी गोष्ट माझ्यासमोर मोडली जात होती, आणि मोडताना ती इतकी खरी दिसत होती की मला रडू आवरेना.

ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "मी सुईबद्दल सांगितलं होतं. माणसाबद्दल नव्हतं सांगितलं. ऐकताना नीट ऐकत जा."

मग त्यानं पक्कड आणली आणि खिळा उपटायला लागला. मित्र म्हणाला, "राहू दे तो. पाटीला लागेल." आणि खरंच, त्या खिळ्यावर दुसऱ्या दिवशी नवी पाटी लागली: "येथे वेगळा ग्लास मिळत नाही. आग्रह करू नये."

पण एक गोष्ट झाली नाही. चहाला तो यायला लागला, दवाखान्यात मात्र येईना. गोळ्या बंद त्या बंदच. भाऊ हात जोडायचा, मॅडम समजवायच्या. तो म्हणायचा, "अहो, जगायचं ठीक आहे. पण जगून जायचं कुणाच्या घरी? हे केंद्र संध्याकाळी बंद होतं." आणि भावाला तर स्वतःलाच घर नव्हतं.

ही सगळी हकिगत मी घरी स्वयंपाकघरात आईला सांगत होते. बाहेरच्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत होते. चहाचं सांगितलं आणि पेपरची सळसळ थांबली. मला वाटलं, आता संपलं. उष्टं! या घरातल्या पोरानं! अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"तो चहा त्यानं याला दिला, का यानं आपल्या हातानं घेतला?"

"यानं घेतला, अण्णा. त्याच्या हातातून काढून."

अण्णांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "हा शुद्धीवर हाय ना?"

"आज तरी आहे."

"आजचंच विचारतोय. रविवारी दोघांना जेवायला बोलव."

आईनं पदर तोंडाला लावला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. कोथिंबीर आधीच निवडून झालेली होती.

रविवारी दोघं आले. भाऊ इतक्या वर्षांनी घरात शिरताना चपला कुठं काढायच्या ते विसरला होता. अण्णांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, तेवढंच. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. पेठेतल्या मित्रानं पाट दाराशी ओढून घेतला, सगळ्यांपासून जरा लांब. सवय लागली होती त्याला. आईनं वाढलं. तो हळूहळू खात होता, तिखट तोंडाला झोंबत होतं तरी "काकू, आमच्या घरी कळवू नका हां, त्यांना वाईट वाटेल की मी इतकं चांगलं जेवतोय" असलं काहीतरी बोलत होता. शेवटी अर्धी भाकरी त्याच्यानं जाईना. त्यानं खिशातून कागद काढला आणि ती अर्धी भाकरी त्यात गुंडाळायला घेतली, म्हणजे ती आमच्या घरात उरायला नको, जाताना बाहेर टाकता यावी. कुणाला त्रास नको म्हणून.

अण्णांनी जेवता जेवता हात लांब केला. त्याच्या हातातल्या कागदातली ती अर्धी भाकरी उचलली, आपल्या रश्श्यात बुडवली आणि खाल्ली.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. माझ्या भावानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. साठी उलटलेल्या त्या माणसाच्या तोंडात ती पाटी जळाल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्याच्या ताटातला घास होता, आणि अण्णा तो नीट चावून, चवीनं खात होते.

"मीठ कमी पडलंय गं," अण्णा आईला म्हणाले. मग मित्राकडे वळले. "आणि तू तिकडं काय बसलायस? इकडं सरक."

एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या त्या माणसानं कागद परत खिशात घातला आणि पाट ओढून अण्णांच्या शेजारी सरकला.

आईनं विचारलं, "एक भाकरी टाकू का रे गरम? दुधात कुस्करून खा, तोंडाला लागायची नाही."

"टाका," तो म्हणाला. आणि मग, माझ्या भावाकडे न बघताच, "उद्या दवाखान्यात किती वाजता जायचं?"